कंपनाला दाद देणारी त्वचा

व्हायब्रेटरचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: व्हिक्टोरियन काळातल्या डॉक्टरांनी ‘हिस्टेरिया’ झालेल्या बायकांच्या उपचारासाठी हे यंत्र शोधलं. गोष्ट रंगतदार आहे, 2011 साली तिच्यावर सिनेमाही आला. पुरावा मात्र नाही. 1880च्या दशकात विजेवर चालणारं कंपनयंत्र तयार करणारे इंग्रज डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल स्त्रियांवर ते वापरायचं टाळत, असं त्यांनी स्वतःच 1883च्या पुस्तकात लिहिलं आहे. 2018 साली हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग यांनी या कथेचे मूळ संदर्भ तपासले, तेव्हा तिला आधार सापडला नाही.

खरी नवलाई आपल्या शरीरातच आहे. जननेंद्रियांच्या त्वचेत चेतातंतूंची सूक्ष्म टोकं सुताच्या गुंड्यांसारखी वेटोळी घालून बसलेली असतात. विल्हेल्म क्राउझ यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, पण त्यांचं काम काय, हे कोडं दीडशेहून अधिक वर्षं सुटलं नव्हतं. 2024 साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये ते सोडवलं: सेकंदाला 40 ते 80 कंपनं झाली, की ही टोकं सर्वांत जोरात प्रतिसाद देतात! यंत्र कालपरवाचं, कंपन टिपणारी ही रचना त्याच्या कितीतरी आधीची.

मग सततच्या वापराने संवेदना कायमची मरते का? नाही. उत्तेजन एकसारखं सुरू राहिलं की चेतातंतू त्याची दखल कमी घेऊ लागतात. त्यामुळे थोडा वेळ बधिर वाटू शकतं, पण ते ओसरतं. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 18 ते 60 वयाच्या 2,056 स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी व्हायब्रेटर वापरला होता, आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींना कसलाही त्रास झाला नव्हता. हे फक्त एकट्या बायकांचं साधन, हा समजही त्याच वर्षी पुरुषांच्या पाहणीने खोडला: 1,047 पुरुषांपैकी जवळपास 45 टक्क्यांनी तो वापरला होता, बहुतेकांनी जोडीदाराबरोबर.

र. धों. कर्वे यांनी 1927 पासून मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून लैंगिक आरोग्यावर मराठीत उघडपणे लिहिलं आणि त्यासाठी खटलेही सोसले. त्या मराठीत आज आपण लाज सोडून बोलूया. साधन स्वच्छ ठेवा, दुखलं की थांबा, आणि त्रास टिकला तर न संकोचता डॉक्टरांना दाखवा.