रूह अफजाची कमाई जाते कुठे? हकीम अब्दुल हमीद यांची गोष्ट

रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून मालेगावपर्यंत, कित्येक घरांत इफ्तारच्या दस्तरख्वानावर खजुरांशेजारी लाल सरबताची बाटली असतेच. रूह अफजा आपण लहानपणापासून पीत आलोय. पण त्याचा नफा जातो कुठे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? त्याचं उत्तर हकीम अब्दुल हमीद यांच्या आयुष्यात सापडतं.

१९०६ मध्ये त्यांचे वडील हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी जुन्या दिल्लीत 'हमदर्द' हा युनानी दवाखाना सुरू केला. उन्हाचा त्रास होणाऱ्यांसाठी फळं, फुलं आणि औषधी वनस्पतींपासून त्यांनी हे सरबत तयार केलं. बाटलीचं रंगीत लेबल छापायची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती, ते काम मुंबईत झालं. १९०८ मध्ये अब्दुल हमीद जन्मले. १९२२ मध्ये वडील वारले, तेव्हा ते अजून पोरसवदाच होते. आई राबिया बेगम यांनी दवाखाना बंद पडू दिला नाही. पुढे मुलानं कारभार हाती घेतला आणि हमदर्दचं नाव देशभर झालं.

मग फाळणी झाली. धाकटे भाऊ हकीम मोहम्मद सईद १९४८ मध्ये कराचीला गेले. अब्दुल हमीद मात्र दिल्लीतच राहिले. त्याच वर्षी त्यांनी चालता धंदा वक्फ करून टाकला.

वक्फ म्हणजे काय, हे इथं समजून घेऊ. वक्फ केलेली मालमत्ता अल्लाहच्या नावे होते. ती विकता येत नाही, कुणाला बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटताही येत नाही. तिचं उत्पन्न ठरलेल्या कामासाठीच वापरायचं. कालचा मालक उरतो तो फक्त मुतवल्ली, म्हणजे कारभार पाहणारा. लोक जमीन, दुकानं वक्फ करतात. इथं अख्खा कारखानाच दिला गेला.

नफ्याचा पैसा लोककार्याला नीट पोचावा म्हणून १९६४ मध्ये हमदर्द नॅशनल फाउंडेशन उभं राहिलं. तुघलकाबादला युनानी आणि फार्मसीचं शिक्षण, संशोधन सुरू झालं. निजामुद्दीनला १९६९ मध्ये गालिब अकादमी उघडली. तुघलकाबादच्या संस्थांमधूनच १९८९ मध्ये जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ झालं. सरकारनं त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण दिला. एवढं होऊनही राहणी साधीच होती. रुग्ण तपासणं त्यांनी सोडलं नाही. १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे दानत कमी नाही. जकात निघते, सदका दिला जातो. पण बहुतेक वेळा दिलेला पैसा त्याच वर्षी संपतो. हकीम साहेबांनी कमावणारा धंदाच दानाला जोडला, म्हणून त्यातून शाळा-दवाखाने उभे राहिले. आपल्या गावातल्या व्यापाऱ्यांना, अगदी छोट्या प्रमाणात का होईना, हे जमणार नाही का? पुढच्या इफ्तारला ग्लास हातात घेताना यावर जरूर बोलूया.