‘कंपनी’ आणि ‘बजाज ऑटो’मध्ये फरक काय? इंग्रजीतलं कॉमन नाउन, प्रॉपर नाउन सोप्या भाषेत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कंपन्या पुष्कळ आहेत. पण 1985 साली जिचा प्रकल्प इथे सुरू झाला आणि जिचं नाव शेजारच्या बजाजनगर वसाहतीला मिळालं, ती ‘बजाज ऑटो’ एकच. ‘कंपनी’ हे कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम. ‘बजाज ऑटो’ हे प्रॉपर नाउन, म्हणजे विशेषनाम.

मराठीत येतं, मग इंग्रजीत का चुकतं?

कारण देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल अशी वेगळी अक्षरं नाहीत. ‘नदी’ आणि ‘गोदावरी’ आपण एकाच पद्धतीने लिहितो. इंग्रजीत मात्र प्रॉपर नाउनचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. नोकरीच्या अर्जात ही चूक पटकन डोळ्यात भरते.

ओळखायचं कसं?

शब्दाला ‘कोणतं?’ असं विचारा. ‘शहर’ म्हटलं की ‘कोणतं?’ हा प्रश्न उरतो, म्हणून ते कॉमन नाउन. ‘पैठण’ म्हटलं की उत्तर मिळालं, म्हणून प्रॉपर नाउन. अशाच आणखी जोड्या:

- नदी – गोदावरी
- भाषा – मराठी
- महिना – जानेवारी
- वार – सोमवार

महिने, वार आणि भाषा यांचं पहिलं अक्षर इंग्रजीत कॅपिटलच असतं. उन्हाळा, हिवाळा या ऋतूंचं मात्र सहसा स्मॉल.

एकच शब्द, दोन भूमिका

‘युनिव्हर्सिटी’ नुसतं लिहिलं तर पहिलं अक्षर स्मॉल. पण ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा युनिव्हर्सिटी’ असं पूर्ण नाव लिहिलं की तेच कॅपिटल, कारण सगळे शब्द मिळून एक प्रॉपर नाउन होतं. या नावाचा ठराव विधिमंडळात 1978 मध्ये झाला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या लढ्यात माणसांचे जीव गेले. विद्यापीठ तेच होतं, मागणी विशेषनामाची होती. विशेषनामात किती अस्मिता असते, हे मराठवाड्याला व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. इथे प्रॉपर नाउन बदललं, ‘सिटी’ हे कॉमन नाउन तेच राहिलं. पण शहराचं नाव बदललं म्हणून संस्थेचं नाव आपोआप बदलत नाही. बॉम्बेचं मुंबई 1995 मध्ये झालं, तरी उच्च न्यायालयाचं इंग्रजी नाव ‘बॉम्बे हायकोर्ट’च राहिलं.

विशेषनामाचं सामान्यनाम होतं का?

होतं. ‘झेरॉक्स’ हे एका कंपनीचं नाव, पण आपण कुठल्याही मशीनवर ‘झेरॉक्स’ काढतो. ‘डालडा’चंही तेच झालं.

रेझ्युमे पाठवण्याआधी तपासा

- वाक्याच्या मध्ये ‘कंपनी’, ‘इंजिनिअर’, ‘कॉलेज’ हे शब्द नुसते आले तर कॅपिटल नको. कंपनीचं किंवा कॉलेजचं पूर्ण नाव असेल तर हवं.
- ‘बजाजनगर’ एकत्र लिहिलं तर फक्त ‘बी’ कॅपिटल. तोडून लिहिलं तर ‘बी’ आणि ‘एन’ दोन्ही.
- पैठण, बजाजनगर अशा गावांच्या नावांआधी ‘द’ लागत नाही. नदीच्या नावाआधी लागतं: ‘द गोदावरी’.
- स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदपत्रांवर एकच ठेवा. आपलं नाव हेही प्रॉपर नाउनच आहे.