प्लॅस्टिकच्या युद्धनौका : पारख कशी करावी?

उंब्रजला कृष्णा-तारळीचा संगम आहे, समुद्र नाही. तरीही या भागातील माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेली, त्यामुळे जहाजाचे कौतुक येथील घरांनाही आहे. आता मुले युद्धनौकेच्या प्लॅस्टिक किटचा हट्ट धरतात. चांगल्या किटला मजुराची कित्येक दिवसांची रोजी मोजावी लागते. तेव्हा माल पारखूनच घ्यावा. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे. डब्यावरील चित्रापेक्षा आतील काम पाहण्याची आम्हांला सवय आहे.

उदाहरणाला आपलीच नौका घेऊ. भारताच्या आरमारात बॅटलशिप कधी नव्हती, क्रूझर होत्या. १९३९ साली रिव्हर प्लेटच्या लढाईत लढलेली ब्रिटिश बनावटीची 'अकिलीस' १९४८ साली भारताकडे आली आणि 'दिल्ली' झाली. १९६१ साली दीवच्या कारवाईत तिने भाग घेतला. १९७८ साली ती निवृत्त झाली.

पहिली कसोटी मापाची. ही नौका सुमारे १६९ मीटर लांब होती. डब्यावर १:७०० असे प्रमाण असेल, तर जोडलेली नौका २४ सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. १:६०० असेल तर २८. तोफांच्या नळ्याही पाहाव्या. नळी दोन मिलिमीटर जाड असेल, तर ७०० ने गुणा : खऱ्या नौकेवर ती १ मीटर ४० सेंटिमीटर जाड ठरेल! 'दिल्ली'च्या मुख्य तोफा सहा इंची होत्या. असा माल म्हणजे खेळणे. त्याला प्रतिकृती म्हणू नये.

दुसरी कसोटी साच्याची. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये दाबाने भरतात. अर्ध नीट मिटले नाहीत, तर कडेला पातळ पापुद्रा राहतो. कारखान्यात त्याला फ्लॅश म्हणतात. अर्ध सरकले, तर गोल खांबावर पायरी दिसते. जाड भाग थंड होताना आकसला, तर वर खळगा पडतो. साचा झिजतो, डबा मात्र नवा छापता येतो. म्हणून डब्याचे साल पाहून भागत नाही. साचा कोणत्या साली केला हे विचारावे.

तिसरी कसोटी जुळणीची. डिंक लावण्यापूर्वी नौकेचे दोन्ही अर्ध हातांनी जुळवून उजेडाकडे धरावे. फट केसाएवढी असेल तर ती भरता येते. डेक काचेवर ठेवावा. तो डुलला तर वाकलेला आहे असे समजावे.

चौथी कसोटी इतिहासाची. १९३९ साली 'अकिलीस'वर दोन-दोन तोफांचे चार बुरूज होते. १९४३ साली बॉम्बने पुढून तिसरा बुरूज निकामी झाला आणि दुरुस्तीत तो काढण्यात आला. म्हणून भारताकडे आलेल्या 'दिल्ली'वर तीनच बुरूज होते. चार बुरुजांची नौका 'दिल्ली' म्हणून विकली जात असेल, तर ती चुकीची. 'अकिलीस, १९३९' म्हणून विकली, तर बरोबर. माझगाव गोदीत बांधलेली, १९९७ साली आरमारात दाखल झालेली 'दिल्ली' तर निराळीच नौका.

आता या दोषांची प्रतवारी लावू. फ्लॅश पात्याने निघतो, खळगा लांबी भरून बुजतो, फट कानशीने सारखी होते. असे दोष मुलाचा हात घडवतात. त्यांना भिऊ नये. पण माप चुकले, किंवा सांगाडाच पिळलेला निघाला, तर कितीही श्रम केले तरी उपयोग नाही. श्रमाने सुधारेल असा माल कमी किमतीत जरूर घ्यावा. श्रम वाया घालवील असा माल फुकटही घेऊ नये.

चांगल्या किटमागे साचा कोरणाऱ्या कारागिराची नजर असते. त्याचे नाव डब्यावर छापत नाहीत. मुलाच्या हाती पट्टी द्या, गुणाकार त्यालाच करू द्या. ज्याला कसबी काम ओळखता येते, त्याला कामगाराची किंमतही कळू लागते.