नव्या कपाटांचा वास

यंदा वैशाखात आमच्या घरी प्लायवूडची कपाटे आली आणि आठवडाभरात नातीचे डोळे चुरचुरू लागले. सौ. म्हणाल्या, "अहो, हा तर तुमच्या शाळेतल्या बेडकाच्या बरणीचा वास!" निदान अचूक होते. त्या बरणीतल्या फॉर्मेलिनमधील फॉर्मल्डिहाइड हाच वायू प्लायवूड सांधणाऱ्या राळेतून झिरपतो. उष्मा वाढला की अधिकच. २००४ साली तो कर्करोगजनक ठरला.

अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर निराश्रितांना चाकांवरची घरे मिळाली. तेथेही डोळ्यांची, घशाची हीच तक्रार. डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांची हवा तपासली. सरासरीने अब्ज भागांत ७७ भाग फॉर्मल्डिहाइड निघाले. तेही ऐन हिवाळ्यात! उन्हाळ्यात राहिलेल्यांनी काय सोसले असेल?

आम्हांस आताशा वास जाणवत नाही. नाक सरावले आहे, म्हणूनच त्याची साक्ष ग्राह्य नाही. हवा मोजून घ्यायचे ठरविले आहे. आदल्या रात्रीपासून दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, नमुना श्वासाच्या उंचीवर घ्यायचा. खिडक्या उघडून केलेली तपासणी म्हणजे पुस्तक उघडून दिलेला पेपर! आज रात्री घर बंद आहे. नात आजीसह गच्चीवर निजली आहे.