कमी दारूचे काडतूस

काडतुसात दारू जास्त पडली की बंदूक फुटू शकते, हे कुणालाही पटते. दारू कमी पडल्यानेही ती फुटते, हे मात्र घरी काडतुसे भरणाऱ्याला बजावून सांगावे लागते. अमेरिकेत हा छंद जुना आहे. उडवलेले पितळी टरफल साफ करायचे, त्याला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची.

‘.३८ स्पेशल’ हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९८च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या हिशोबाने लांब घडवलेले. आजची झटपट जळणारी धूरविरहित दारू त्यात बहुधा ३-४ ग्रेनच लागते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. एवढ्याने टरफलाचा जेमतेम तळ झाकतो. त्यामुळे दारू दोनदा पडली तरी मावते आणि मुळीच पडली नाही तरी चटकन कळत नाही.

दारू नसली तरी टोपीचा जोर गोळीला नळीत ढकलायला पुरतो. गोळी तिथेच अडकते. धडाक्याऐवजी ‘फट्’ असा आवाज येतो, हाताला धक्का जाणवत नाही. खरा घात पुढच्या बाराला होतो. मागून आलेली गोळी अडकलेलीवर आदळते, नळीला बांगडीसारखा फुगवटा येतो किंवा ती उभी चिरते. झटपट नेमबाजीत हा धोका वाढतो, कारण पिस्तूल अडले की वरचा सरकता भाग मागे ओढून पुन्हा चाप दाबायची सवय हाताला लागलेली असते.

मंद जळणाऱ्या दारूची गोष्ट वेगळी. तिला नीट पेटायला दाब लागतो. टरफल अर्धवट भरले तर ती आडवी पसरते आणि टोपीची ज्वाळा वरून निघून जाते. थोड्या वायूने गोळी पुढे सरकून नळीच्या पिळदार चऱ्यांशी थबकते. मग उरलेली दारू एकदम पेटते आणि थबकलेली गोळी बुचासारखी आड येते. दाब अचानक कसा चढतो, याचा हा एक खुलासा आहे. हा प्रकार हुकमी घडवून दाखवणे अवघड ठरले आहे, आणि म्हणूनच त्याची धास्ती जास्त. ‘एच-११०’ ही दारू पुस्तिकेतल्या मापाहून ३ टक्क्यांपेक्षा अधिक घटवू नये, असा इशारा असतो. उलट ‘एच-४८९५’ कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवता येते. एका दारूचा नियम दुसरीला लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

गोळी बसवण्याआधी टरफले ५० भोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभी करून विजेरीच्या उजेडात ओळीने पाहतात. एकातली पातळी खाली दिसली की ते रिकामे करून पुन्हा तोलतात.

बार ‘फट्’ वाजलाच, तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबतात. आत दारू असली तर ती उशिरा पेटण्याची शक्यता असते. मग बंदूक रिकामी करून नळीत गज घालतात. गज अडला, तर तेल सोडून नळीच्या मापाचा पितळी गज लाकडी हातोडीने ठोकतात, गोळी बाहेर पडेपर्यंत.