खचणारी राजधानी, मोजणारे उपग्रह

दिल्ली आणि गुरुग्राम यांच्या सीमेवर कापसहेडा नावाची वस्ती आहे. शेजारच्या उद्योगविहारातल्या कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे कामगार इथे दाटीवाटीने राहतात. 2022 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या वस्तीचे नाव जगापुढे आले. आयआयटी मुंबई आणि जर्मनीतल्या पोट्सडॅमची भूविज्ञान संस्था यांच्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. त्यांच्या मोजणीनुसार इथली जमीन 2014-16 मध्ये वर्षाला सुमारे 11 सेंटीमीटर, तर 2018-19 मध्ये 17 सेंटीमीटरहून अधिक वेगाने खचत होती. खचणाऱ्या पट्ट्यापासून इंदिरा गांधी विमानतळ जेमतेम 800 मीटरवर आहे.

ही मोजणी करणारा उपग्रह होता युरोपचा ‘सेंटिनेल-1’. एप्रिल 2014 मध्ये सोडलेला हा उपग्रह 693 किलोमीटर उंचीवरून 5.6 सेंटीमीटर लांबीच्या रडारलहरी जमिनीवर सोडतो आणि परतलेली लहर टिपतो. रात्र असो, ढग असोत वा दिल्लीचे कुप्रसिद्ध धुरके, त्याचे काम अडत नाही. त्याच जागेवरून तो 12 दिवसांनी पुन्हा जातो. दोन फेऱ्यांतल्या लहरींच्या कलेत (फेजमध्ये) पडलेल्या फरकावरून जमीन किती हलली ते कळते. अशा अनेक फेऱ्या एकत्र तपासल्या की वर्षाला काही मिलिमीटर एवढी हालचालही पकडता येते.

जमीन खचते ती पाण्याच्या उपशाने. यमुनेने आणलेल्या गाळात वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. बोअरवेलने पाणी ओढले की पाण्याचा दाब घटतो, वरचा भार मातीच्या कणांवर येतो आणि चिकणमाती दबते. वाळूच्या थरात पाणी पुन्हा भरले तरी दबलेली चिकणमाती बहुतांशी पूर्ववत होत नाही. पाणी साठवण्याची तिची जागा कायमची जाते.

याच निबंधात एक दिलासाही आहे. दिल्लीतल्याच द्वारका या उपनगराची जमीन 2014-16 मध्ये वर्षाला साडेतीन सेंटीमीटर खचत होती. तिथे उपशावर निर्बंध आले, पावसाचे पाणी मुरवणे सक्तीचे झाले, जुने तलाव जिवंत केले गेले. 2018-19 पर्यंत तीच जमीन वर्षाला सुमारे 1.2 सेंटीमीटर वर येऊ लागली. एकाच महानगरातले हे दोन शेजारी पाहिले की दोष निसर्गावर ढकलता येत नाही.

सेंटिनेलला मर्यादाही आहे. इमारतींवरून लहर स्वच्छ परतते, पण उभ्या पिकांत ती विस्कटते. म्हणून शहर नीट दिसते आणि भोवतालची बोअरवेलवर पोसलेली शेते धूसर राहतात. इथे ‘निसार’ उपयोगी पडेल. इस्रो आणि नासा यांचा हा संयुक्त उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ16 ने झेपावला. 12 मीटर व्यासाच्या परावर्तकाच्या साहाय्याने तो दोन रडार चालवतो. त्यांपैकी नासाच्या रडारची 24 सेंटीमीटरची लहर झाडोऱ्यातून आरपार जमिनीपर्यंत जाते.

मराठी वाचकाने हे दिल्लीचे दुखणे समजून पान उलटू नये. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने 2015 ते 2023 या काळातली पाच महानगरे तपासली. त्यात दिल्लीचा कमाल वेग वर्षाला 51 मिलिमीटर, तर मुंबईचा 26.1 मिलिमीटर निघाला. काळ आणि पद्धत वेगळी असल्याने हे आकडे आधीच्या आकड्यांशी थेट ताडू नयेत. पण मुंबईत एका बाजूने जमीन खाली जाते आणि दुसऱ्या बाजूने समुद्र वर येतो, हे विसरून चालणार नाही.

सेंटिनेल आणि निसार यांची माहिती खुली आहे, शुल्क पडत नाही. तेव्हा महापालिकांनी दरवर्षी खचण्याचा नकाशा जाहीर करावा आणि बांधकाम व बोअरवेलचा परवाना देताना तो समोर ठेवावा. उपग्रह मोजतो आहेच. उपसा थांबवणे हे काम जमिनीवरच्यांचे आहे.