अंध नागरिकास सूचना ऐकू यावी

दवंडी अंधासही ऐकू येई. 1985 पूर्वी ग्रामपंचायतींची गावे असलेल्या मीरा-भाईंदरमध्ये 2002 पासून महानगरपालिका आहे. सूचना आता संकेतस्थळावर येतात. एनव्हीडीए हा संगणकावरील विनामूल्य वाचक त्या अंधास वाचून दाखवितो. मात्र सही-शिक्क्याच्या कागदाचे नुसते छायाचित्र त्यास सरळ वाचता येत नाही. जुन्या टंकातील मराठी तर तो रोमन अक्षरांची खिचडी म्हणून उच्चारतो! ऐकणाऱ्याची हरकतीची मुदत तेवढ्यात टळते.

सबब मूळ मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून तसाच चढवावा. सहीची प्रत हवी तर सोबत जोडावी. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुगमता जीविताच्या हक्काचाच भाग ठरविली आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यकर्त्यांनीही सूचना प्रसृत करण्यापूर्वी पडदा झाकून ती एकदा ऐकावी.